मुक्कामाचा कागद आणि रोजगाराचा हक्क : गोंदिया जिल्ह्यातील परकीयांच्या नोंदणीचा इतिहास

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा महसूल आणि पोलीस खात्यांची दप्तरे जशी वाटली गेली, तशीच या भागात राहणाऱ्या परकीय नागरिकांच्या नोंदणीची जबाबदारीही नव्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे आली. धानाची शेती, माजी मालगुजारी तलाव, तेंदूपाने आणि विडी, तसेच हावडा मार्गावरील मोठे रेल्वे जंक्शन यांवरून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात परकीयांच्या वास्तव्याचा इतिहास शोधावा, असे सहसा कोणाला सुचत नाही. तरीही अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगाव–प्रतापगड परिसरात १९७२ पासून वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत, आणि गोंदिया शहराजवळच्या बिरसी विमानतळावर कॅनडातील कंपनीच्या भागीदारीने उभी राहिलेली वैमानिक-प्रशिक्षण संस्था, या दोन ठिकाणांमुळे परकीय माणसाने भारतात कोणत्या कागदावर राहावे आणि कोणत्या अधिकाराने काम करावे, या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात पाहायला मिळतात. तिबेटी माणसाला राहण्याचा परवाना आधी मिळाला आणि पोटापाण्याची सोय त्याला त्या परवान्याच्या आधारे, बऱ्याच अंशी स्वतःच्या हिमतीवर, लावावी लागली. परदेशी प्रशिक्षकाला किंवा तंत्रज्ञाला मात्र नोकरी आधी मिळते आणि ती टिकेल तेवढाच काळ त्याचे वास्तव्य कायदेशीर राहते. राहणे आणि काम करणे या माणसाच्या दृष्टीने अविभाज्य असलेल्या दोन गोष्टी कायद्याने वेगवेगळ्या धरल्या, आणि या फारकतीचा भार कोणावर किती पडला हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते, तेव्हाच परकीयाला नोकरीवर ठेवण्याचा प्रश्न राजकीय कराराचा विषय बनला होता. दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात पराभव झाल्यावर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १७ डिसेंबर १८०३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीशी देवगावचा तह केला. त्यातील एका कलमानुसार इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकी सत्तेच्या प्रजाजनाला, विशेषतः फ्रेंचांना, भोसल्यांनी आपल्या चाकरीत घेऊ नये, आणि इंग्रजांच्या प्रजाजनाला घ्यायचे झाल्यास कंपनी सरकारची संमती घ्यावी, असे ठरले. त्या काळी मराठी दरबारांत फ्रेंच व इतर युरोपीय सैनिकी अधिकाऱ्यांना मोठी मागणी असे, आणि तोफखाना व कवायती पलटणी त्यांच्या हाती असत, हे लक्षात घेतले म्हणजे या कलमाचा रोख कळतो. वैनगंगेच्या खोऱ्यापुरते बोलायचे, तर परकीय नोकरासाठी पूर्वसंमती आवश्यक करणारा हा फार जुना लेखी दंडक होय, आणि त्यात नोकरी देणाऱ्या राजाचेच हात बांधलेले होते. परकीयाला कामावर ठेवणे ही मालकाची खाजगी बाब नसून तिला वरिष्ठ सत्तेची मान्यता लागते, हे तत्त्व पुढे दोनशे वर्षांनंतरच्या रोजगार व्हिसाच्या नियमांतही टिकून राहिले.

१८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६४ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानातील परकीयांविषयीचा पहिला सर्वसाधारण कायदा आला. या कायद्याने सरकारला परकीयाला देशाबाहेर घालवण्याचा अधिकार दिला, आणि जेथे कायद्याची पूर्ण अंमलबजावणी जाहीर होईल तेथे परकीयाने परवान्याशिवाय प्रवास करू नये, अशीही तरतूद केली. मात्र येथे ‘परकीय’ म्हणजे ब्रिटिश राणीचा प्रजाजन नसलेला माणूस एवढाच अर्थ होता. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने गोंदिया हे महत्त्वाचे स्थानक केले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारा अरुंद लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा रेल्वेच्या वरिष्ठ जागांवर असलेल्या इंग्रज व स्कॉटिश माणसांना वास्तव्याचा कोणताही परवाना लागत नव्हता. हजारो मैलांवरून आलेला इंजिनिअर साम्राज्याचा प्रजाजन म्हणून कायद्याच्या दृष्टीने घरचाच ठरत होता. साम्राज्य होते तोवर परकीयपणाची रेषा अंतर, भाषा वा वर्ण यांवरून आखलेली नव्हती. ती राजनिष्ठेवरून आखलेली होती.

आज ओळखीची असलेली चौकट दोन महायुद्धांच्या दरम्यान व त्यांच्या छायेत तयार झाली. १९२० च्या कायद्याने भारतात प्रवेश करणाऱ्याला पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, बाळगणे आवश्यक केले. दुसरे महायुद्ध तोंडावर आले असताना केलेल्या १९३९ च्या परकीय नागरिक नोंदणी कायद्याने परकीयाने आपले आगमन, पत्ता आणि हालचाल ठरावीक अधिकाऱ्याला कळवावी, असा दंडक घातला. जिल्ह्याच्या ठिकाणी हा नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक, आणि त्याने दिलेला कागद म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला बोलीत सरसकट ‘आरसी’ म्हणतात. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने परकीयाचा प्रवेश, मुक्काम आणि प्रस्थान यांवर सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. एखादी व्यक्ती परकीय आहे की नाही असा वाद उत्पन्न झाला, तर आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भारही त्या व्यक्तीवरच टाकला. १९४८ च्या आदेशाने त्यात कामासंबंधीचे एक बंधन जोडले, ते असे की सरकारला वा जनतेला प्रकाश, पेट्रोलियम, वीज किंवा पाणी पुरवणाऱ्या उपक्रमात परकीयाने अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून काम करू नये. युद्धांच्या छायेतल्या संशयातून जन्मलेली ही चौकट स्वतंत्र भारताने जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली. तिच्यात ‘निर्वासित’ नावाचा वर्ग नव्हता, आणि निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर किंवा त्याच्या १९६७ च्या पूरक करारावर भारताने आजवर सही केलेली नाही.

मार्च १९५९ च्या अखेरीस दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी सीमा ओलांडू लागले, तेव्हा शासनापुढे हीच चौकट होती. आलेल्यांना प्रथम आसामातील मिसामारी व बंगालमधील बक्सा येथील छावण्यांत ठेवण्यात आले, आणि पुढे त्यांतील असंख्य लोकांना हिमालयाच्या पायथ्याशी व डोंगरांत रस्तेबांधणीच्या कामावर पाठवण्यात आले. थंड, कोरड्या पठारावरून आलेल्या माणसांचे त्या छावण्यांत व रस्त्यांवर आजारपणाने अतोनात हाल झाले, आणि विखुरलेल्या रस्तेमजुरीत समाज म्हणून टिकणे अशक्य आहे हेही लवकरच स्पष्ट झाले. म्हणून पंडित नेहरूंच्या सरकारने राज्यांना जमिनीची विनंती केली. म्हैसूर राज्याने प्रथम पुढाकार घेतला आणि बैलकुप्पे येथे १९६० मध्ये पहिली मोठी शेतीवसाहत झाली. त्यानंतर मैनपाट, ओडिशातील चंद्रगिरी, मुंडगोड अशी वसाहतींची मालिका उभी राहिली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रातील वसाहत १९७२ मध्ये तत्कालीन भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, इटियाडोह धरणाच्या परिसरात, जंगलाला लागून असलेल्या जमिनीवर झाली. महाराष्ट्राच्या आठवणीत १९७२ हे साल दुष्काळाचे आहे. त्याच साली राज्याच्या पूर्व टोकाला परक्या देशातून आलेल्या माणसांना जमीन मिळाली, याची नोंद राज्याच्या इतिहासलेखनात फारशी झालेली नाही, ती व्हायला हवी.

प्रतापगड हे स्थान महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी आणि तेथील दर्ग्यासाठी पंचक्रोशीत पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. त्याच्या शेजारी आता बौद्ध प्रार्थनापताकांची वसाहत आली, आणि आसपासच्या गावांसाठी ती ‘तिबेटी कॅम्प’ झाली. धरमशाळेतील तिबेटी प्रशासनाच्या व्यवहारात मात्र ही वसाहत अजूनही ‘भंडारा’ याच नावाने ओळखली जाते, कारण लोक आले तेव्हा जिल्हा भंडारा होता. जमीन शासनाची, वसाहतीचा दैनंदिन कारभार तिबेटी प्रशासनाने नेमलेल्या वसाहत अधिकाऱ्याकडे, आणि प्रत्येक प्रौढ रहिवाशाची वैयक्तिक नोंद जिल्हा पोलिसांकडे, अशी तिपेडी व्यवस्था तेथे रूढ झाली.

या व्यवस्थेत रोजगाराचे स्थान काय होते, हे नीट पाहण्यासारखे आहे. आरसीवर नाव, जन्म, पत्ता आणि मुदत यांची नोंद असे. धारकाने काम करावे किंवा करू नये, असा स्वतंत्र परवाना त्याला कोणी दिला नव्हता. शासनाची कल्पना अशी होती की दिलेल्या जमिनीवर तो शेती करील, आणि शेतीला वेगळा परवाना लागत नाही. परंतु पूर्व विदर्भातील धानाची शेती पावसावर आणि पाटाच्या पाण्यावर अवलंबून, एका कुटुंबाच्या वाट्याला आलेली जमीन मर्यादित आणि कुटुंबे वाढती. त्यामुळे पहिल्या काही वर्षांतच शेतीवर वर्षभराचा खर्च भागणार नाही हे कळून चुकले. भारतभरच्या तिबेटी वसाहतींप्रमाणे येथील कुटुंबांनीही थंडीतील लोकरी कपड्यांचा व्यापार जवळ केला: लुधियानातील कारखान्यांतून स्वेटर, शाली व जाकिटे उधारीवर उचलायची, मोठ्या शहरांच्या एखाद्या मैदानावर किंवा रस्त्याकडेला रांगेने दुकाने मांडायची, आणि थंडी ओसरली की उधारी फेडून वसाहतीत परतायचे. मध्य भारतातील शहरांत हिवाळ्यात भरणारे तिबेटी स्वेटरबाजार हे याच गरजेतून आले. धान कापून झाल्यावर रिकामे राहणारे महिने नेमके विक्रीच्या हंगामाशी जुळत असल्यामुळे शेती आणि व्यापार यांचा मेळ बसला, आणि घरातील म्हातारीकोतारी माणसे व शाळकरी मुले वसाहतीत ठेवून कर्ती माणसे बाहेर पडू लागली.

नेमके येथेच मुक्कामाचा कागद आणि रोजगार यांची गाठ पडली. नोंदणीची संपूर्ण रचना पत्त्यावर उभी होती: परकीयाने नोंदलेल्या पत्त्यावर राहावे, दीर्घकाळ बाहेर जायचे असल्यास पोलिसांना आगाऊ कळवावे आणि मुदत संपण्याआधी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करून घ्यावे. स्वेटरविक्रीचे सगळे तंत्र मात्र पत्ता सोडून महिनोन्‌महिने दुसऱ्या शहरात राहण्यावर अवलंबून होते. त्यामुळे ज्या धंद्याला कायद्याने मनाई नव्हती, तोच करण्यासाठी प्रत्येक हंगामात परवानगी, कळवणे, परतल्यावर पुन्हा हजेरी, अशी कागदांची साखळी सांभाळावी लागे. आणि जागेचे भाडे, महापालिकेची मंजुरी, उधारीची हमी या प्रत्येक टप्प्यावर समोरचा माणूस विचारणार तो कागद पुन्हा आरसीच. स्थानिक पोलीस आणि वसाहत यांच्यात दीर्घ परिचयातून निर्माण झालेल्या समजुतीमुळेच ही व्यवस्था इतकी वर्षे चालू शकली, हे मान्य करावे लागते. पण उपजीविका समजुतीवर सोडणे आणि ती हक्काने देणे यांत मोठा फरक आहे. जमीन मालकीची नसल्याने ती तारण ठेवून बँकेचे कर्ज मिळत नाही, सरकारी नोकरीचा मार्ग बंद, आणि परदेशी जायचे तर पारपत्राऐवजी ‘ओळख प्रमाणपत्र’ नावाची पिवळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका. तिच्यावर देशाबाहेर पडण्याची परवानगी आणि परतण्याचा व्हिसा वेगळा घ्यावा लागे. भारतातच जन्मलेल्या माणसाला भारतात परत येण्यासाठी व्हिसा काढावा लागणे, ही या इतिहासातील सर्वांत बोचणारी गोष्ट होय.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कामासाठी येणाऱ्या परकीयाचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली गेली आणि नंतर अनेक दशके तिचा फारसा उपयोग झाला नाही. प्रफुल्ल पटेल नागरी विमान वाहतूक मंत्री असताना तिचा विस्तार झाला आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण व मॉन्ट्रियल येथील सीएई या कंपनीच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था तेथे सुरू झाली. अशा संस्थेला परदेशी वैमानिक-प्रशिक्षक नेमायचा झाल्यास दोन स्वतंत्र दारे ओलांडावी लागतात: विमान चालवण्याच्या व शिकवण्याच्या पात्रतेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता, आणि भारतात राहून पगार घेण्यासाठी रोजगार व्हिसा. हा व्हिसा त्या व्यक्तीच्या स्वतःच्या देशातील भारतीय दूतावासातून, नोकरीच्या कराराच्या आधारे, विशिष्ट मालकाच्या नावाने मिळतो. मालक बदलला तर सामान्यतः तो व्हिसा निरुपयोगी होतो. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने पोहोचल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावयाची असते, आणि त्या नोंदणीबरोबर मिळणारी वास्तव्याची परवानगी हीच त्याची मुक्कामाची सनद होय. २०१८ पासून ही नोंदणी संगणकीय प्रणालीतून होऊ लागली.

रोजगार व्हिसाची सध्याची कडक रूपरेषा २००९–१० मधील आहे आणि तिचे कारण वीजप्रकल्पांत सापडते. त्या दशकात देशात अनेक औष्णिक वीजकेंद्रांची यंत्रसामग्री चिनी कंपन्यांकडून येऊ लागली आणि तिच्याबरोबर कुशलच नव्हे तर साधे कामगारही व्यापारी व्हिसावर मोठ्या संख्येने आले. व्यापारी व्हिसा हा वाटाघाटी, खरेदी-विक्री यांसाठी असतो, प्रत्यक्ष नोकरीसाठी नव्हे. म्हणून २००९ च्या उत्तरार्धात केंद्र सरकारने अशा कामगारांना मायदेशी परतून योग्य व्हिसा घेण्यास सांगितले. त्यानंतर रोजगार व्हिसासाठी वार्षिक २५,००० अमेरिकी डॉलर इतक्या किमान पगाराची अट आली, आणि पात्र भारतीय उपलब्ध असलेल्या किंवा साध्या कारकुनी व अकुशल कामांसाठी हा व्हिसा द्यायचा नाही, हे स्पष्ट करण्यात आले. परभाषेचे शिक्षक, अनुवादक, विशिष्ट देशांचे खाद्यपदार्थ करणारे आचारी अशांना पगाराच्या अटीतून वगळले. वीज व पोलाद या क्षेत्रांसाठी ‘प्रकल्प व्हिसा’ हा वेगळा प्रकार निर्माण झाला. तो एका प्रकल्पापुरता व त्याच जागेपुरता असतो. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे ३,३०० मेगावॅट क्षमतेचे वीजकेंद्र उभे राहिले ते याच वर्षांत, त्यामुळे अशा प्रकल्पावर येणाऱ्या कोणत्याही परदेशी तंत्रज्ञाला नव्या नियमांतूनच यावे लागणार होते. १ ऑक्टोबर २००८ पासून परदेशी कर्मचाऱ्यांनाही भविष्य निर्वाह निधीच्या कक्षेत आणले गेले होते, म्हणजे राज्याने त्याला पगाराच्या अटीने गाळून घेतले आणि एकदा आत घेतल्यावर कामगार म्हणून मोजलेही.

तिबेटी माणसाला अशी मोजदाद २०१४ पर्यंत लाभली नाही. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले आणि आरसीधारक तिबेटी कोणताही आर्थिक व्यवहार करू शकतो, परिचर्या, अध्यापन, सनदी लेखापालन, वैद्यक, अभियांत्रिकी अशा ज्या व्यवसायाची त्याची पात्रता असेल तो करू शकतो, आणि त्यासाठी लागणारा व्यापार-परवाना त्याला त्याच प्रमाणपत्रावर द्यावा, असे लेखी सांगितले. वसाहतींच्या जमिनींसाठी वीस वर्षांपर्यंतचे भाडेपट्टे करावेत आणि रोजगार हमी, शिधावाटप, घरकुल यांसारख्या योजनांचा लाभ द्यावा, असेही राज्यांना सुचवले. नोर्ग्येलिंगच्या वयाची तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती. स्वेटर विकून मुलांना शिकवणारी पहिली पिढी म्हातारी झाल्यावर काम करण्याचा हक्क कागदावर आला. धोरण उत्तम होते, उशीर अक्षम्य होता.

नागरिकत्वाचा मार्ग त्याआधीच न्यायालयांतून खुला झाला होता. नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, आईवडील कोणत्याही देशाचे असले तरी, जन्माने भारतीय ठरते. तरीही तिबेटी मातापित्यांच्या मुलांना पारपत्र नाकारले जात होते. नामग्याल डोलकर यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २२ डिसेंबर २०१० रोजी त्यांना नागरिक मानले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने हा न्याय त्या काळात जन्मलेल्या सर्वांना लागू असल्याचे स्पष्ट केले. वसाहत १९७२ ची असल्यामुळे तेथे जन्मलेल्या पहिल्या पंधरा वर्षांतील मुलांना हा निर्णय थेट लागू होत होता. परंतु २०१७ मध्ये शासनाने घातलेल्या अटींनुसार पारपत्र हवे असेल तर आरसी व ओळख प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे, वसाहतीत राहू नये आणि तिबेटी प्रशासनाचे लाभ सोडावेत, असे ठरले. नागरिक झालेल्या मुलाने परकीय राहिलेल्या आईबापांचे घर सोडावे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. जन्माने मिळालेल्या हक्कासाठी घर गहाण मागणे न्याय्य नाही, आणि या अटींमुळे अनेकांनी अर्जच न करणे पसंत केले असेल तर त्यात नवल नाही.

१ सप्टेंबर २०२५ रोजी आप्रवासन आणि परकीय नागरिक कायदा अंमलात आला आणि १९२०, १९३९ व १९४६ चे तिन्ही जुने कायदे रद्द झाले. त्याबरोबर निघालेल्या आदेशाने नोंदणी केलेल्या तिबेटींना पारपत्र आणि व्हिसा बाळगण्याच्या अटीतून सूट दिली, म्हणजे त्यांचे वास्तव्य आता जुन्या कायद्यांऐवजी नव्या कायद्यातील सवलतीवर टेकलेले आहे. परकीय असल्याचा वाद उत्पन्न झाल्यास सिद्धतेचा भार व्यक्तीवर टाकणारे जुने तत्त्वही नव्या कायद्याने कायम ठेवले. गोंदियाच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात आजही दोन्ही प्रकारच्या परकीयांची नोंद होते. करारावर येणारा तंत्रज्ञ किंवा प्रशिक्षक करार संपताच आपले नाव वजा करून निघून जातो. गोठणगावच्या वसाहतीतील माणूस प्रमाणपत्राची मुदत संपत आली की नूतनीकरणासाठी येतो, आणि सोबत कॅम्पमध्ये वाढलेल्या आपल्या मुलाचा पहिला अर्जही आणतो.